कामाच्या वेळेतला अर्धा तास

ग्रंथालयात संगणक आला की ग्रंथालय आधुनिक झालं, असं आपल्याकडे धरून चालतात. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे, आणि संगणक येणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, हे माझं मत आता पक्कं झालंय. यंत्र येतं, सॉफ्टवेअर येतं, हार घालून फोटो निघतो. मग एका दिवसाच्या कार्यशाळेचं पत्र येतं, ते ग्रंथपालाच्या नावे. ग्रंथपाल सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला जातो, व्याख्यानं ऐकतो आणि प्रमाणपत्र घेऊन संध्याकाळी परततो. दुसऱ्या दिवशी वाचकासमोर उभी असते ती देवघेवीवरची बाई, आणि कपाटातून पुस्तक काढून देतो तो परिचर. कार्यशाळेत काय झालं याचा या दोघांना पत्ताही नसतो.

मला या दोघांबद्दलच लिहायचंय.

आमच्याकडे देवघेव सांभाळतात त्या ताई. परिचर आहेत त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, मीही चाचाच म्हणते. तिसरा एक अर्धवेळ लिपिक, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत करत इथं काम करणारा. ताईंना वर्गणीदारांची घरं ठाऊक आहेत. कुणाच्या सासऱ्यांना बारीक टाइप दिसत नाही, कोणत्या गुरुजींकडं गेलेलं पुस्तक सुट्ट्या लागल्याशिवाय परत येत नाही, हे त्यांना विचारावं. बाजारच्या दिवशी खेड्यावरून एक आजोबा येतात, दोन ऐतिहासिक कादंबऱ्या नेतात. त्यातली वाचून झालेली कोणती, हे आजोबांपेक्षा ताईंच्या जास्त लक्षात असतं. ही माहिती दाखल नोंद रजिस्टरात नाही, तालिका कार्डावर नाही. ताई निवृत्त होतील त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर घरी जाईल. वेबवरची नवी साधनं शिकण्याकडं मी पाहते ती या चिंतेतून.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट शहर आणि मेक्लेनबर्ग काउंटीचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. २००६ साली तिथल्या हेलीन ब्लोअर्स यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम आखला. २३ लहान लहान गोष्टी होत्या. ब्लॉग काढून बघा, फोटो चढवा, टॅग म्हणजे शोधायला सोपे शब्द लावा, संकेतस्थळांवरचं नवं लिखाण आपोआप आणून देणारं आरएसएस फीड जोडा, विकीत एखादी ओळ लिहा, पॉडकास्ट ऐका. वर्ग नाही, परीक्षा नाही. ज्यानं त्यानं आपल्या गतीनं करायचं आणि काय केलं ते आपल्याच ब्लॉगवर लिहायचं. सगळ्या गोष्टी पुऱ्या करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर. पुढं कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी हा नमुना उचलला, आपापल्या परीनं बदलून वापरला. बक्षिसाची चर्चा पुष्कळ झाली. मला मोलाचं वाटतं ते असं, की हे बोलावणं सगळ्यांना होतं. पुस्तकं परत रॅकला लावणाऱ्यालाही होतं. आणि खेळून बघा, चुकलं तर चुकू द्या, असं वरिष्ठांनीच सांगितलं होतं. आपल्याकडं परिचरानं संगणकाला हात लावला तर ‘बिघडंल ते’ म्हणून कुणीतरी ओरडतं. या एका ओरडण्यानं किती माणसं आयुष्यभर यंत्रापासून दूर राहिली असतील!

आम्ही २३ गोष्टींची यादी केली नाही. संध्याकाळी दार उघडल्यावरचा पहिला अर्धा तास गर्दी नसते. तो शिकण्याला दिला. कामाच्या वेळेत, कामाचाच भाग म्हणून. घरी जाऊन शिका, असं या माणसांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ताई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या माणसाकडून त्याची रात्रही मागायची, हे बरं नव्हे. व्यवस्थापक मंडळातल्या एका सदस्यांनी विचारलं, ‘‘कामाच्या टायमात मोबाइल बघत बसायलेत का मग?’’ मी म्हणाले, ‘‘हो, बघायलेत. या आणि तुम्हीही बसा.’’ ते आले, थोडा वेळ बसले, आणि नंतर त्यांनीच नेटच्या रिचार्जचा ठराव मांडला.

सुरुवात चाचांपासून झाली, आणि ती मला अपेक्षित नसलेल्या जागी झाली.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याची सरकारदरबारची भाषा उर्दू. त्या काळात इथं मराठी वाचनालय चालवणं हेही एक धाडसच होतं. सभा घ्यायची तर परवानगीचे निर्बंध, म्हणून शाळा आणि वाचनालयं याच माणसांना एकत्र बसण्याच्या जागा झाल्या. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, पण उर्दू काही गेली नाही. ती इथल्या घराघरांत, बाजारात, शाळांत राहिली आणि जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतही राहिली. आमच्याकडं एक कपाट उर्दू पुस्तकांचं आहे. देणगीतून आलेली, काही जीर्ण, काही अजून ताठ. रजिस्टरात त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं एवढंच लिहिलेलं, ‘उर्दू पुस्तक’. लेखक नाही, विषय नाही. नोंद करणाऱ्याला लिपी येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्या चाचांना नोंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते परिचर.

आम्ही गुगल शीट, म्हणजे ऑनलाइन तक्ता, उघडली ती चाचांच्याच मोबाइलवर. संगणकाला ते बिचकत होते, मोबाइलला नाही. नातवांशी व्हिडिओ कॉल रोजचा. उर्दूचा कळफलक चालू करून दिला. अक्षरं उजवीकडून डावीकडं उमटायला लागली तसे ते खुर्चीत सरळ बसले. पुस्तक उघडायचं, नाव टाकायचं, लेखक टाकायचा, मग तेच देवनागरीत, शेवटी एका ओळीत पुस्तक कशाबद्दल आहे. हळूहळू कपाटाला बोलता येऊ लागलं. त्यात युनानी औषधांची पुस्तकं निघाली, शायरीचे संग्रह निघाले, शेतीवरचं एक निघालं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना संगणकात ठरलेला एकेक क्रमांक. त्यामुळं एकाच तक्त्यात मराठी, उर्दू, इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात, एकीमुळं दुसरी बिघडत नाही. हे मी कार्यशाळेत ऐकलं होतं. त्याची किंमत मला चाचांच्या तक्त्यात कळली. आता उर्दू शाळेतली मुलं त्या कपाटाकडं येतात, आणि पुस्तक कुठलं घ्यावं हे चाचांना विचारतात. चाचा शिकले ते संगणक साक्षरतेसाठी नाही. त्या कपाटाचं काम गावात दुसऱ्या कुणालाही करता येत नव्हतं, म्हणून शिकले.

ताईंचं शिकणं वेगळ्या वाटेनं गेलं. आमची जुनी यादी एका व्यावसायिकाकडून करून घेतलेली, युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये. त्या एका संगणकावर ती नीट दिसायची, दुसरीकडं उघडली की नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरनं बरीचशी वाचवली, उरलेली पुन्हा टाकावी लागली. त्यानंतर शोधाची अडचण पुढं आली, आणि ही गोष्ट मराठी ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकानं मुळातून समजून घेतली पाहिजे. ‘ॲडव्होकेट’ हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरतं, कुणी ‘अ’वर चंद्र देतं, कुणाच्या कळफलकातून ‘ऍ’ उमटतं. माणसाच्या डोळ्याला तिन्ही एकच. यंत्राला तीन वेगळे शब्द. ‘तिसऱ्या’मधला तो ‘ऱ्य’ तर आणखी फसवा. तो दोन प्रकारे टाकता येतो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण एकानं शोधलं तर दुसरा सापडत नाही. पुस्तक कपाटात आहे, यादीत आहे, आणि शोधल्यावर उत्तर येतं, ‘नाही’. अशा वेळी वाचक हात हलवत परत जातो, हे मला सहन होत नाही.

ताईंनी यावर जो उपाय काढला तो मला कुठल्या कार्यशाळेत मिळाला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, माणसं पुस्तकाचं नाव घेऊन येतच नाहीत की. ती आपल्या बोलीत मागत्यात. ते बी लिहून ठेवू का?’’ म्हणून तक्त्यात एक रकाना वाढला: वाचक काय म्हणतात. त्यात ताईंनी भरलं, ‘हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं’, ‘गाथा मोठ्या अक्षराची’, ‘निरोप समारंभात भाषण करायचं असतं ते’, ‘पोरगं बोलत नाही त्याच्यासाठीचं’. शेवटच्या नोंदीसमोर बालमानसशास्त्राची दोन पुस्तकं आहेत. एक आई हे विचारत आली होती आणि ताईंनी नेमकी तीच काढून दिली होती. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे. त्या आकड्यावरून पुस्तकाची जागा कळते. ताईंच्या रकान्यातून पुस्तकाची गरज कळते. शार्लटच्या यादीतलं टॅग लावणं म्हणजे दुसरं काय होतं? आता ताई रजेवर असल्या तरी लिपिक मुलगा ‘घाटेअळी’ एवढं टाकतो आणि पुस्तक काढून देतो. अ‍ॅ-ऱ्यचा गोंधळही या रकान्यात सुटला, कारण एकाच शब्दाची सगळी रूपं तिथं शेजारी लिहून ठेवता येतात.

ही तयारी किती कामाला आली ते ‘हैदराबाद गॅझेट’च्या वेळी दिसलं. मराठा आरक्षणाच्या मागणीनंतर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ ला राज्य शासनाचा हैदराबाद गॅझेटबाबतचा निर्णय निघाला. या सगळ्या काळात आमच्या दारात माणसं येत होती. हातात मोबाइल, मोबाइलवर फिरत आलेला एखाद्या पानाचा फोटो, आणि प्रश्न एकच: ‘‘हे पुस्तक तुमच्याकडं हाय का?’’ बहुतेक वेळा त्या फोटोवर पुस्तकाचं नाव नसे, वर्ष नसे, पानाचा क्रमांकही कापलेला.

पूर्वी आम्ही ‘नाही’ म्हणालो असतो आणि प्रश्न तिथंच संपला असता. आता लिपिक मुलगा त्यांना बसवून घ्यायचा आणि इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर शोधून दाखवायचा. हैदराबाद संस्थानावरचा इम्पीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालिकेतला इंग्रजी खंड १९०९ चा, कलकत्त्याहून छापलेला. तो तिथं पूर्ण वाचायला मिळतो. परभणी जिल्ह्याचं गॅझेटियर १९६७ चं, राज्य शासनानं काढलेलं. संस्थानचं सरकारी राजपत्र ही आणखी वेगळी वस्तू आणि जनगणनेचे अहवाल वेगळे. लोक या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत होते. मुलानं एका कागदावर चार ओळींत फरक लिहून भिंतीला लावला, खाली क्यूआर कोड छापले, की स्कॅन केलं की थेट मूळ ग्रंथाचं पहिलं पान उघडावं. कुणाचा दावा खरा, कुणाचा खोटा, यावर ग्रंथालयानं बोलायचं नसतं. मूळ पान कुठं आहे, कुणी, कधी छापलं, मागचंपुढचं पान काय म्हणतं, एवढं दाखवणं हे आमचं काम, आणि अशा तापलेल्या दिवसांत ते फार मोठं काम आहे. एका वृद्ध गृहस्थांनी तासभर बसून ते पुस्तक चाळलं, आपल्या तालुक्याची पानं मुलाकडून मराठीत समजून घेतली. ज्यासाठी आले होते ते त्यात नव्हतं. तरी जाताना म्हणाले, ‘‘आता निदान खरं काय छापलंय ते बघितलं तरी.’’

मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो; शोधगंगेवर विद्यापीठांतले प्रबंध मिळतात; खरगपूरच्या आयआयटीनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे. मग तालुक्याच्या ग्रंथालयाचं काय काम उरलं, असं मला अनेकदा विचारतात. वरच्या त्या गृहस्थांकडंही मोबाइल होता, नेट होतं, आणि तरी ते आमच्याकडं आले.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण गावोगावची ग्रंथालयं आता पहिली उडी तिथंच घेतात. नवीन पुस्तकांची माहिती द्यायला सगळ्या वर्गणीदारांचा ग्रुप काढायचा असं ठरत होतं. ताईंनी अडवलं. आमच्या बायका-मुली सभासदांचे नंबर अख्ख्या गावाला दिसतील, कुणीही रात्री मेसेज टाकील. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही ब्रॉडकास्ट यादी केली. त्यात प्रत्येकीला निरोप स्वतंत्र जातो, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही; मात्र निरोप पोहोचायला तिनं ग्रंथालयाचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला असावा लागतो. म्हणून नवीन सभासद झाली की काउंटरवरच तो जतन करून देतो. कोण काय वाचतं तो तक्ता आम्ही कधीच लिंकवर उघडा ठेवत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला हे चांगलंच, पण कायदा नसता तरी वाचकाचं वाचन ही त्याची खाजगी बाब आहे. कुणी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं, कुणी व्यसनमुक्तीचं नेलं. ते ताईंच्या पोटात राहतं तसंच तक्त्यातही राहिलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना बजावते. साधनं टिकत नाहीत. २००६ च्या त्या यादीतल्या कितीतरी सेवा आज बंद पडल्यात. फीड वाचायला ज्याच्यावर सगळे विसंबले होते तो गुगल रीडर २०१३ मध्ये गेला. म्हणून आमची यादी दर महिन्याला कुठल्याही प्रणालीत उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवतो, एक ग्रंथालयात, एक कार्यवाहांच्या घरी. उद्या आम्ही ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणून कोहा घेऊ किंवा केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय घेऊ, ही फाइल तिथं चढवता येईल. वर्षानुवर्षं केलेली मेहनत एखाद्या कंपनीच्या बंद पेटीत अडकू द्यायची नाही. ग्रंथालय लहान असो की मोठं, करारावर सही करण्याआधी विचारून घ्यावं: आमची माहिती आम्हाला परत मिळेल का, कोणत्या रूपात मिळेल?

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यातून गावोगाव ग्रंथालयं उभी राहिली, हे आपलं मोठं भाग्य. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत, आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुतेकदा एकच माणूस असतो. कुलूप उघडतो तोच, झाडतो तोच, नोंद करतो तोच. प्रशिक्षणाची पत्रं निघताना त्या माणसाचा विचार व्हावा, ही माझी मागणी आहे. त्याला जिल्ह्याला बोलावून दिवसभर पडद्यावरची चित्रं दाखवण्यापेक्षा जवळच्या तालुक्याच्या ग्रंथालयात आठवड्यातून एकदा येऊ द्या, स्वतःचं रजिस्टर घेऊन. प्रवासखर्च द्या. त्याच्याच पुस्तकांवर त्याला शिकू द्या. अधिकाऱ्यांशी, मंडळांशी मी हे बोलत राहणार आहे. शेजारच्या दोन खेड्यांतले ग्रंथपाल स्वखर्चानं आमच्याकडं येऊ लागलेत. त्यातल्या एकांना चाचा उर्दू कळफलक शिकवतायत, कारण त्यांच्याकडंही तसंच एक कपाट निघालं.

सध्या कात्रणांचं काम चाललंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतरच्या कितीतरी महिन्यांची वृत्तपत्रांतली कात्रणं तेव्हाच्या कर्मचाऱ्यांनी खळ लावून वह्यांत चिकटवून ठेवलीत. कागद पिवळा पडून कडेनं तुटायला लागलाय. ताई पानांचे फोटो काढतात, गुगल ड्राइव्हमधून त्यातली अक्षरं ओळखून घेतात. जुन्या छपाईची बरीच अक्षरं चुकतात, ती दोघं मिळून दुरुस्त करतात, ताई वाचतात आणि मुलगा टाइप करतो. बातम्यांवर वृत्तपत्रांचा हक्क आहे, म्हणून कात्रणं इंटरनेटवर टाकणार नाही. फक्त सूची खुली करू: वृत्तपत्र, तारीख, मथळा, बातमीत आलेली गावांची नावं. पुनर्वसनात गावं हलली, जुन्या जागा मोडल्या, त्यामुळं गावाच्या नावापुढं जुनं ठिकाण आणि नवं ठिकाण असे दोन रकाने ताईंनी आखून घेतलेत. पहिल्या दोन वह्या झाल्या. तिसऱ्या वहीत तात्पुरत्या शेडमध्ये भरलेल्या शाळांच्या बातम्या आहेत, आणि त्यांच्यासाठी वाचक कोणते शब्द वापरतील यावर ताई आणि मुलाचं अजून एकमत झालेलं नाही.